सुंभ नावाचा गृहस्थ

मुंबईतल्या जुन्या पानटपरीवर पत्र्याच्या कडेला दोराचा एक तुकडा तारेने अडकवलेला असतो. लायटर आल्यापासून ही पद्धत कमी झाली, पण गोदीच्या किंवा मंडईच्या बाजूला अजून दिसते. हा तुकडा खालून पेटलेला असतो. पेटलेला म्हणजे ज्योत वगैरे काही नाही; टोकाला एक लाल ठिपका आणि त्यातून वर जाणारी धुराची बारीक रेघ. गिऱ्हाईक येते, विडी त्या ठिपक्याला लावते, दोन झुरके ओढते आणि चालू लागते. दोर सकाळपासून रात्रीपर्यंत वितावितांनी संपत राहतो. त्याच्याकडे कुणी निरखून बघत नाही. बघितले तर दिसेल, की लाल ठिपक्याच्या खाली बोटभर राख तशीच चिकटून आहे, आणि त्या करड्या राखेत दोराचे पेड जसेच्या तसे वळलेले आहेत. कुणी टिचकी मारली किंवा बेस्टची बस जवळून गेली की ती राख गळून पडते. तोवर पीळ कायम.

हेच ते सुंभ. किंवा हाच तो सुंभ. कुणी 'सुंभ जळाला' म्हणते, कुणी 'सुंभ जळले'. लिंगाचा निकाल मराठीने अजून लावलेला नाही. मी त्याला पुल्लिंगी मानतो, कारण म्हणीत त्याचा उल्लेख नेहमी कुठल्या तरी पुरुषाकडे बोट दाखवून होतो. निवडणुकीत आपटलेला पुढारी हवालदारावर डोळे वटारतो, निवृत्त होऊन दहा वर्षे झालेले साहेब सोसायटीच्या वॉचमनला फाइल मागवल्याच्या आवाजात हाका मारतात, वाडा विकून भाड्याच्या दोन खोल्यांत आलेले इनामदार घरमालकालाच शिस्त लावू बघतात. लगेच शेजारचा कुणीतरी म्हणतो, सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही. म्हणणाऱ्याला त्यात मोठे समाधान असते. सुंभाची बाजू मात्र कुणी ऐकून घेतलेली नाही. मला ती घ्यावीशी वाटते. पीळ काढून घेतला तर सुंभाचे दुसरे काहीच उरत नाही, मग त्याने तो राखेपर्यंत धरून ठेवला तर बिघडले कुठे?

त्याच्या नावाचा आणखी एक घोटाळा आहे. 'शुंभासारखा काय उभा राहिलास?' हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेले असते. हा शुंभ म्हणजे देवीने मारलेला दैत्य, निशुंभाचा भाऊ. पण अर्ध्या घरांत श चा स होतो आणि दैत्याऐवजी बिचारा दोर उभा राहतो. त्या उभे राहण्यात ठोंबेपणा असतो, आणि तोही सुंभाच्या खात्यावर चढतो. खरे तर सुंभ कधी उभा राहत नाही. त्याचा जन्म ताणले जाण्यासाठी किंवा गुंडाळून ठेवले जाण्यासाठी असतो.

दैत्याशी त्याचे नाते नाही. त्याचे मूळ घराणे फार वरचे आहे. संस्कृतात दोरीला 'शुल्ब' असा शब्द आहे, आणि कोशांत त्याच्या शेजारीच 'शुम्ब' हे रूपही सापडते. प्राकृतात त्याचे 'सुंब' झाले. गोव्यात आजही काथ्याच्या दोरीला सुंबच म्हणतात; वरच्या मराठीने ब ला हकार जोडून सुंभ केले. आता शुल्ब म्हटले की ज्यांना शाळेतले गणित आठवते, त्यांना शुल्बसूत्रेही आठवतील. यज्ञाची वेदी किती लांब, किती रुंद, कोन काटकोनात आहे की नाही, हे सगळे दोरीने मोजायचे शास्त्र म्हणजे शुल्बसूत्रे. जमिनीत दोन शंकू ठोकायचे, दोन्ही टोकांना फास असलेली दोरी त्यांत अडकवायची, दोरीवर ठरलेल्या जागी खूण करायची आणि त्या खुणेला धरून दोरी बाजूला ताणायची. काटकोन तयार. पायथागोरसाच्या नावाने आपण जो सिद्धांत घोकला, तो बौधायनाने या दोरीच्या हिशेबात सांगितलेला आहे. गंमत अशी की शास्त्राचे नाव शुल्बावरून पडले, पण बौधायनाच्या त्या प्रसिद्ध सूत्रात दोरीसाठी शब्द आला आहे रज्जू. रज्जू पुढे संस्कृतातच राहिला, मज्जारज्जूत आणि स्वररज्जूत जाऊन प्रतिष्ठित झाला. शुल्ब मात्र प्राकृताची वाट धरून खाली उतरला आणि बाजेखाली, मांडवात, विहिरीवर कामाला लागला.

संस्कृतात शुल्बाचा दुसरा अर्थ तांबे. सुंभाचा रंगही तांबूस. पण यावरून व्युत्पत्ती जुळवायला बसू नये. रंगाचा हा निव्वळ योगायोग आहे, आणि शब्दांच्या मागे लागलेल्या माणसाला असे योगायोग वाटेत हमखास भेटतात.

शुल्बसूत्रातली दोरी नारळाची नसणार. उत्तरेत नारळ कुठला? तिकडे मुंज गवत, दर्भ, ताग. मुंज गवताने तर आपल्याकडे एका संस्काराला नाव दिले. बटूच्या कमरेला त्या गवताची मेखला बांधतात म्हणून ती मुंज. शब्द नारळाला चिकटला तो इथे, किनाऱ्यावर आल्यावर. कोकणात, गोव्यात दोर म्हटले की हाताशी असे ते काथ्याचे, म्हणून जुना सर्वसाधारण शब्द त्या एकाच दोराचा झाला. देशावर मात्र दोर म्हणजे अंबाडी, ताग, घायपाताचा वाख. यातले घायपात मूळचे अमेरिकेतले, म्हणजे दोरांच्या गोतात अलीकडचे पाहुणे, पण माळरानाच्या बांधावर ते असे रुजले की त्याला उपरे म्हणायची कुणाची हिंमत नाही.

हे गोत मोठे आहे, आणि प्रत्येकाचे काम ठरलेले. गुराला गोठ्यात बांधायचे ते दावे, बैलाच्या नाकातली ती वेसण, हाकणाऱ्याच्या हातात असतो तो कासरा. मोटेचा नाडा आणि सोंदूर ही जोडी विहिरीवर इंजिन बसले तशी शब्दकोशात जाऊन बसली. सुतळी किराणा दुकानातली, पोत्याची तोंडे शिवणारी. चऱ्हाट म्हणजे जाड आणि लांबलचक. म्हणूनच कंटाळवाण्या भाषणालाही आपण चऱ्हाट म्हणतो, आणि सूत्रसंचालकाच्या हातातल्या चिठ्ठीकडे आशेने बघतो. या प्रत्येकावरून एक तरी वाक्प्रचार निघालेला आहे: खर्चाला वेसण, कासरा ढिला, दावणीला बांधलेला. सुंभाच्या वाट्याला मात्र शेलकी म्हण आली.

देशावर हे दोर वळणारे हात कोणाचे होते, हेही सांगायला हवे. अंबाडी भिजवणे, घायपात बडवून वाख काढणे, त्याचे दोर, कासरे, नाडे वळणे हे काम मातंग समाजाकडे होते. पोळ्याला किंवा बेंदराला बैलाला नवी वेसण, नवा कासरा लागे तो त्यांच्याकडून, आणि मोबदला बलुत्याचा, धान्यात, देणाऱ्याच्या मर्जीवर. गावाचे प्रत्येक जनावर त्यांनी वळलेल्या दोराने बांधलेले, आणि वळणाऱ्याचे घर मात्र वेशीबाहेर. आपल्या भाषेतल्या दोरांच्या श्रीमंतीचे कौतुक करताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही. मराठीने शब्द घेतले, घाम विसरली.

कोकणातला सुंभ वाडीत जन्माला येतो. नारळ सोलला की हातात राहते ते सोडण. बहुतेक सोडणांचे नशीब बंबात किंवा न्हाणीघराच्या चुलीत. कोकणातल्या गरम पाण्याला जो धुरकट वास असतो तो त्यांचाच. ज्या सोडणांचे दोर करायचे ती पाण्यात कुजत घालतात. खाडीच्या चिखलात, नाहीतर खाजणाच्या कडेला खड्डा करून, वर दगड ठेवून, भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर होईल अशा बेताने. सहा महिने, आठ महिने, कधी वर्षभर. या काळात पाण्यातले जिवाणू तंतूंना धरून ठेवणारा चिकट गर खाऊन टाकतात आणि तंतू मोकळे होतात. वास येतो तो सडक्या अंड्याचा, आणि तो लपत नाही. केरळात अलप्पुळाच्या बाजूला, जिथे हा धंदा मोठा, तिथे या कुजवण्याने कायलांचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खाड्यांचे, पाणी काळे पडले हेही तितकेच खरे. कुजलेले सोडण बाहेर काढून, साल ओरबाडून, दगडावर ठेवून लाकडी मोगरीने बडवायचे. भुसा झडतो, तंतू उरतात. हा काथ्या.

आणि या बडवण्यावरूनच आपला दुसरा लाडका शब्द निघाला, काथ्याकूट. चार माणसे बसली, तासभर बोलली, निष्पन्न काही नाही, म्हणजे काथ्याकूट. काथ्या कधी हाती न धरलेल्या माणसाने हा शब्द रूढ केला असावा असा मला दाट संशय आहे. कुटल्याशिवाय तंतू सुटत नाही आणि तंतू सुटल्याशिवाय दोर नाही. या कुटण्याइतके निष्पन्न देणारे कुटणे दुसरे कुठले? पण ते जीवघेणे काम आहे हे खरे, आणि इंग्रज सरकारला ते पक्के ठाऊक होते. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये कैद्यांना जी कामे देत त्यांत छिलका, म्हणजे नारळाचे सोडण, कुटणे होते. १९११ साली तिथे पोचलेल्या वि. दा. सावरकरांच्या वाट्यालाही आधी छिलका आला आणि मग तेलाचा कोलू. तिथल्या काथ्याकुटीत बोलायची सोय नव्हती.

काथ्याचा एक तंतू हातात घेऊन बघा. वीतभर, फार तर त्याहून थोडा अधिक. राठ, कडक, टोकाला बोचणारा. कापसाचा मऊपणा नाही, तागाची लांबी नाही, रेशमाची तर गोष्टच नको. अशा वीतभर तंतूंपासून विहिरीच्या तळापर्यंत जाणारा दोर होतो. मध्ये गोंद नाही, गाठ नाही, शिवण नाही. आहे तो फक्त पीळ.

श्रीवर्धनकडच्या एका वाडीत मी हा प्रकार जवळ बसून पाहिला. काका ओटीवर एक पाय पसरून बसले होते. बाजूला काथ्याचा ढीग आणि पाण्याचा टमरेल. मी उत्साहाने चार धागे उचलले तसे ते म्हणाले, "ओलं कर आधी. कोरडा काथ्या ऐकत नाही." मग त्यांनी दोन झुबके घेतले, टोकाशी एकत्र धरून पायाच्या अंगठ्यात अडकवले आणि मांडीवर शेजारीशेजारी ठेवले. उजवा तळवा पुढे ढकलला. दोन्ही झुबके आपापल्या जागी पिळले गेले. तोच तळवा मागे ओढला, आणि दोन्ही पेड एकमेकांवर उलट्या बाजूने चढले. पुढे, मागे. पुढे, मागे. एखादा पेड बारीक व्हायला लागला की डाव्या हाताची बोटे न बघता ढिगातून चार तंतू उचलून त्यात सरकवीत. नवा तंतू जुन्याच्या पोटात शिरला कुठे हे दोन वळणांनंतर सांगता येत नव्हते. मांडीवरची कातडी त्या जागी गुळगुळीत, केस नसलेली. मी वळलेला दोर त्यांनी दोन बोटांत धरला, किंचित उलटा फिरवला, आणि त्याचा परत काथ्या झाला.

तर हा पीळ म्हणजे काय आहे? प्रत्येक पेड एका अंगाने पिळलेला असतो आणि त्याला सतत उलगडायचे असते. पण पेड एकत्र वळले जातात ते विरुद्ध अंगाने. त्यामुळे पेड उलगडायला गेला की दोर आणखी आवळतो, आणि दोर उलगडायला गेला की पेड आवळतात. दोघांचीही सुटायची धडपड एकमेकांना बांधून ठेवते. ओढले की तंतू तंतूवर दाबला जातो, घासला जातो, आणि जितके जोरात ओढावे तितकी पकड वाढते. म्हणजे सुंभाची ताकद त्याच्या तंतूंत आहे त्याहून अधिक त्यांच्या आपसातल्या ताणात आहे. हे एकदा लक्षात आले की म्हणीतली कुचेष्टा फिकी पडते.

आणि जळण्याचे म्हणाल तर त्याचेही कारण आहे. काथ्यात लिग्निन चाळीस टक्क्यांच्या वर; लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य ते हेच, आणि कापसात ते जवळजवळ नसते. या लिग्निनमुळे काथ्या भडकन पेटत नाही. धुमसतो, आधी कोळसा होतो आणि आकार सोडायची घाई करत नाही. पानवाल्याने सुंभच टांगला, सुती दोरी टांगली नाही, ते उगाच नव्हे.

पाण्यात तो आणखी खुलतो. इतर दोर पाण्यात कुजतात. हा तर कुजण्याच्या परीक्षेतूनच बाहेर आलेला, त्यामुळे खाऱ्या पाण्याला तो भीत नाही. भिजला की फुगतो, फुगला की गाठ घट्ट बसते. मुंबईत इमारतींना बांबूची परांची बांधतात ती अजूनही बऱ्याच ठिकाणी काथ्याच्या दोरीने. पंधराव्या मजल्यावर उभ्या असलेल्या रंगाऱ्याचा जीव त्या गाठींवर असतो, आणि त्या गाठीत खिळा-मोळा काही नसतो. कोकणात तर पूर्वी घरच्या प्रत्येक बांधण्याला हाच: मांडवाच्या मेढी, छपराचे वासे-रिपा, बाजेची वीण, शिंके, रहाटाचा दोर, माडावर चढणाऱ्याच्या पायातला फास. गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायला सिंधुदुर्गात केवणीच्या सालीची दोरी लागते, ती परंपरा वेगळी. तिथे सुंभाने मान दुसऱ्याला दिलेला आहे.

पण त्याचा खरा पराक्रम समुद्रावरचा. अरबी समुद्रात अनेक शतके जी जहाजे फिरली त्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या होत्या. फळीच्या कडेला भोके पाडायची, सांध्यावर नारळाच्या तंतूंची गादी ठेवायची आणि दोरीने आवळून टाके घालायचे. मार्को पोलोने तेराव्या शतकात होर्मुझला अशी जहाजे पाहिली आणि नाक मुरडले: ही दोरी खाऱ्या पाण्याने सडत नाही हे कबूल, पण वादळात या जहाजांचे काही खरे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवला राहिला, त्याचे मत उलट. या समुद्रात खडक फार. खिळ्यांचे जहाज आपटले की फुटते, शिवलेले जहाज लवते आणि वाचते. मला इब्न बतूताचे पटते, कारण तो त्या बेटांवर काझी होता, मार्को पोलो वाटसरू.

मालदीवचा काथ्या तेव्हा भारत, येमेन, चीनपर्यंत जात असे. अकराव्या शतकात अल्बेरूनीने तर या बेटांची वाटणीच त्यांच्या मालावरून केली: काही कवड्यांची बेटे, काही काथ्याची बेटे. पुढे गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या आरमारालाही हाच काथ्या लागे. मल्याळममधला 'कयर' त्यांनी 'कैरो' केला, आणि तिथून इंग्रजांनी 'कॉयर' उचलला. सरकारी मंडळाचे नाव म्हणून तो शब्द परत आपल्याकडे आला. १९५३ च्या कायद्याने कॉयर बोर्ड झाले. मुंबई-पुण्याच्या दुकानात आज 'कॉयरची गादी' मिळते. काथ्याची म्हटले तर विक्रेता स्वस्तातला माल दाखवतो.

शिवलेली जहाजे म्हणजे अरबी कथांतली गोष्ट, असे वाटू शकते. टिम सेव्हरिन या ब्रिटिश दर्यावर्द्याने ते तपासून पाहिले. ओमानमध्ये सूरला त्याने 'सोहार' नावाचे जहाज बांधवले, लाकूड मलबारचे, कारागीर बरेचसे केरळ आणि लक्षद्वीपचे, आणि दोरी सुमारे ४०० मैल. १९८० च्या नोव्हेंबरात ते मस्कतहून निघाले आणि १९८१ च्या जुलैत चीनला, कँटनला लागले. टाके टिकले.

आणि ताजी हकिकत तर आपल्या घरची आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचे चित्र आहे. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या कपारीत, कुण्या चितारीने ते का काढले असेल ते असो. पण पाचव्या शतकातल्या भारतीय जहाजाचा नमुना हवा म्हटल्यावर भारतीय नौदलाला ते चित्र उपयोगी पडले. आराखडा नव्हता, चित्रावरून मापे काढायची होती; मद्रास आयआयटीत त्याच्या चाचण्या झाल्या. २०२३ च्या सप्टेंबरात गोव्यात कणा बसवला, आणि केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवल्या. सांध्यांत नारळाचे तंतू, वरून राळ. २१ मे २०२५ रोजी कारवारच्या तळावर ते नौदलात दाखल झाले. नाव 'कौंडिण्य'. त्याच वर्षी डिसेंबरात ते पोरबंदरहून मस्कतच्या दिशेने निघाले. ज्या नौदलाकडे विमानवाहू जहाजे आहेत त्याच्या यादीत एक शिवलेले जहाजही आहे, आणि त्याचा भार सुंभाच्या टाक्यांवर आहे. ही बातमी वाचली तेव्हा मला सुंभाची म्हण ऐकवणाऱ्यांची गंमत वाटली.

वाडीत आणि बाजारात मात्र दिवस नायलॉनचे आहेत. स्वस्त, हलके, निळे-हिरवे, दहा वर्षे तसेच. विहिरीवर, होडीवर, कपडे वाळत घालायला, गुराच्या गळ्यातसुद्धा तेच. त्याच्या फायद्यांशी भांडण्यात अर्थ नाही. मी स्वतः कपडे त्याच्यावरच वाळत घालतो. मात्र गाठ भिजली तरी ते फुगत नाही, उलट निसटते, म्हणून एका गाठीच्या जागी तीन माराव्या लागतात. गुरांच्या मानेला काचते. तुटके तुकडे समुद्रात पडले तर पडूनच राहतात, कासवांच्या गळ्यात अडकतात. किनाऱ्यावर भरतीनंतर सापडणाऱ्या कचऱ्यात ते नेहमी असते. आणि पेटवले तर वितळते, थेंब थेंब गळते, थंड झाल्यावर काळा गोळा उरतो. त्यात पीळ शोधून सापडणार नाही. पुढच्या पिढीला ही म्हण समजावून सांगायची तर आधी खरा सुंभ शोधून आणावा लागेल.

तो शोधायला फार लांब जायला नको. पुढच्या वेळी घरी नारळ सोलाल तेव्हा सोडण बंबात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या आधी त्यातले मूठभर तंतू ओढून काढा, दोन दिवस पाण्यात ठेवा, आणि मांडीवर वळून बघा. पहिला दोर उलगडेल. त्याला नावे ठेवू नका, पीळ उलट्या बाजूने द्यायचा राहिला असेल.